पहिले नऊ दिवस आणि पुढची तीन वर्षं

(दहावी मार्च १९९८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'आपल्या तुकडीचं सामाजिक कार्य' असा विषय दिलाय. विषय जरा भारदस्त झालाय. मी बँकेत कॅशियर आहे, मला भाषण येत नाही, हिशेब येतो. तर हिशेबच सांगते. आधी एक खुलासा. हे मनोगत स्मरणिकेत छापणार आहेत आणि प्रत्येक लेखासोबत एक फोटो मागितलाय. माझ्या लेखासोबत फोटो नसेल. का, ते पुढे कळेल.

मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो आपला वर्गमित्र इथेच बसलाय. तो कोण, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तरी नाव घेत नाही, कारण तशी अट आहे. अट त्याची नाही, त्याच्या मुलाची. बोलायच्या आधी मी मुलाला विचारलं होतं. तो म्हणाला, "बोला आत्या. पण नाव नको, आणि फोटो तर नकोच."

जानेवारी २०२३. आपला मित्र गुळव्या आहे. दोन एकर शेती, दोन म्हशी आणि हंगामात दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर काम. रविवार होता, म्हणून सहावीतला मुलगा बापाबरोबर गुऱ्हाळावर गेलेला. आपण सगळेच लहानपणी गेलोय. उसाचा रस प्यायचा, गरम गूळ पळसाच्या पानावर घ्यायचा, यात कुणाला धोका वाटला नाही कधी. काहील चुलवणावरून उतरवून वाफ्यात ओतत होते. त्या वेळी पाय घसरला. गूळ उतरवायच्या वेळचा पाक उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापलेला असतो, ११५ अंशांच्या वर. आणि तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. उजवा हात, काख, मानेची एक बाजू आणि छाती.

तिथे एका म्हाताऱ्या चुलव्याने पोराला उचलून सरळ मोटारीच्या पाण्याखाली धरलं आणि कुणी काही बोललं तरी सोडलं नाही. कुणी टूथपेस्ट आणायला पळालं होतं, कुणी हळद. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या पाण्याने पुष्कळ वाचवलं. भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, बाकी काही लावायचं नाही. बर्फसुद्धा नाही. हे घरी जाऊन आपापल्या माणसांना सांगा.

संध्याकाळी पोराला कोल्हापूरच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. पन्नास हजार आधी भरा म्हणाले. रात्री साडेनऊला आपल्या ग्रुपवर पहिला मेसेज आला. मी शाळेत असताना या मित्राशी एक शब्द बोलले नव्हते. तेव्हा मुलं-मुली बोलायचीच नाहीत, बाईंनी वही द्यायला सांगितली तरी बाकावर ठेवून पळायचो. त्याच्याशी पहिल्यांदा बोलले ती त्या रात्री फोनवर, चाळिशी ओलांडल्यावर. तो म्हणाला, "पैशाचं नंतर बघू गं. पोरगं तेवढं वाचू दे."

दुसऱ्या दिवशी तिघांच्या नावाने जोडखातं काढलं. माझ्या एकटीच्या खात्यावर एक रुपयाही घ्यायचा नाही, हे मी पहिल्या तासातच ठरवलं. चोरीची भीती नव्हती. सहा महिन्यांनी कुणाच्या मनात शंका आली तर मैत्री तुटते, म्हणून. नऊ दिवसांत ८४ पैकी ६१ जणांनी मिळून ४,३६,५०० रुपये जमवले. मस्कतच्या मित्राने एकट्याने पन्नास हजार पाठवले. आणि आपल्यातलीच एक जण रोजाने शेतावर जाते, ती बँकेत येऊन दोनशे रुपये काउंटरवर ठेवून गेली. पावती घे म्हटलं तर लाजली. पावती दिली मी.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही सगळे सांगता. 'आमच्या बॅचने नऊ दिवसांत साडेचार लाख उभे केले.' खरं आहे, थोडं वाढवून सांगता एवढंच. पुढचं कमी जणांना माहीत आहे.

पहिली चूक पैशाच्या बाबतीतली. पहिल्या रुग्णालयात तीन दिवसांत १,१२,००० रुपये बिल झालं. तिथे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू नव्हती. मित्राकडे केशरी रेशनकार्ड होतं, म्हणजे तो योजनेत बसत होता. पण आम्ही कुणी विचारलंच नाही. पैसे जमत होते, भरत होतो. पैसे हातात असले की माणूस प्रश्न विचारत नाही, हे मी रोज बँकेत बघते आणि तरीही त्यात सापडले. चौथ्या दिवशी पोराला पुण्याला हलवलं. भाजलेल्या रुग्णांचा वेगळा विभाग असलेलं ट्रस्टचं रुग्णालय. तिथे योजनाही होती, आणि समाजसेवा विभागातल्या बाईंनी मित्राला पहिला प्रश्न विचारला, "उत्पन्नाचा दाखला आहे का?"

धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ पासून. मी इतकी वर्षं बँकेत, मला हे माहीत नव्हतं. त्यासाठी लागतो तहसीलदारांचा दाखला, रेशनकार्ड, आधार. आपला जो वर्गमित्र गावात सेवा केंद्र चालवतो, शाळेत ज्याला कधी वेळेवर गृहपाठ दाखवता आला नाही, त्याने दोन दिवसांत दाखला काढून पुण्याला पाठवला. माझ्या हिशेबात त्या कागदाची किंमत मस्कतच्या पन्नास हजारांपेक्षा जास्त आहे. मस्कतकरांनी राग मानू नये. फुले योजनेची मर्यादा तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती. ती संपल्यावर उरलेल्या बिलावर धर्मादाय सवलत मिळाली, आणि पुण्यात आम्हाला भरावे लागले १,३८,००० रुपये. सवलती नसत्या तर जमलेले सगळे पैसे तिथेच संपले असते. आता ही मर्यादा पाच लाख झाली आहे आणि पांढऱ्या कार्डालाही योजना लागू आहे. तेव्हा कुणावर वेळ आली तर भरती करण्याआधी, निदान भरती करताना तरी, आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा.

औषधं, रुग्णवाहिका, रक्त, पुण्यातलं राहणं यांवर ७१,५०० गेले. रक्त द्यायला पुण्यातले आपले पाच जण आले. सातवा आठवडा संपताना, मार्चच्या सुरुवातीला, मुलगा घरी आला. मांडीची कातडी काढून छातीला आणि हाताला लावलेली. खात्यात शिल्लक १,१५,०००. ग्रुपवर हार, पेढे, फटाके सगळ्यांची चित्रं आली. आपण सगळे समजलो, संपलं.

डिस्चार्जच्या कागदावर पुढचं लिहिलं होतं, पण ते कोण वाचतो? भाजलेली कातडी बरी होताना आखडते. वाढत्या वयाच्या मुलात तर जास्तच, कारण हाडं वाढतात आणि ती कातडी तशी वाढत नाही. म्हणून अंगाला घट्ट बसणारं जाकीट असतं, त्याला प्रेशर गारमेंट म्हणतात. अंघोळ सोडून दिवसरात्र घालायचं, दीड-दोन वर्षं. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये. पोर वाढलं की नवं माप आणि नवं जाकीट. रोज सकाळ-संध्याकाळ हात वर न्यायचा व्यायाम, पोर ओरडतं आणि आईने ओरडू द्यायचं. चार-पाच महिन्यांनी पुण्याची खेप, जाता-येता साडेचारशे किलोमीटर, आणि त्या दिवसाची आईबापाची मजुरी बुडते ती वेगळी. यातलं बरंचसं योजनेत बसत नाही. घरी आल्यापासून आजपर्यंत यावर १,९०,००० रुपये खर्च झालेत. रुग्णालयात आपण जेवढे भरले त्यापेक्षा फार कमी नाहीत.

जूनमध्ये मी ग्रुपवर महिना पाचशे रुपयांचं आवाहन केलं. एकसष्ट अंगठे आले. पैसे सात जणांचे. मी कुणाला नावं ठेवत नाही. प्रत्येकाच्या घरी काहीतरी चालू असतं, आणि एकदा मन भरून दिलं की ते काम झालंय असं वाटतं. मलाही वाटलं होतं. त्या सात जणांनी जुलै २०२३ पासून आजपर्यंत तीस महिने एकही हप्ता चुकवला नाही. त्यांनी नावं सांगू नका म्हटलंय.

आता म्हशींबद्दल. आईबाप दोघं पुण्यात, घरी म्हातारी आजी आणि दहावीतली मुलगी, परीक्षा तोंडावर. दोन म्हशींचं काय? आपल्या गावातल्याच एका वर्गमित्राने ४७ दिवस पहाटे पाचला आणि संध्याकाळी त्यांच्या गोठ्यात जाऊन धारा काढल्या, दूध डेअरीला घातलं, बिलाचे पैसे आजीच्या हातात दिले. वैरण स्वतःच्या रानातली. त्याचं नाव माझ्या देणगीदारांच्या यादीत नाही, कारण त्याने रोख काही दिलं नाही. मुलगी दहावी पास झाली. म्हशी विकल्या असत्या तर परत घेणं त्या घराला झालं नसतं.

पुण्यातल्या डब्यांचीही एक गंमत आहे. पहिले पाच दिवस दुपारी तीन-तीन डबे. वहिनी वॉर्डातल्या दुसऱ्या बायांना पोळ्या वाटत होत्या. सहाव्या दिवशी एकही नाही, प्रत्येकीला वाटलं दुसरी देतेय. मग वेळापत्रक केलं. तसंच फोनचं. बाप ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेला आणि एकसष्ट जण विचारतायत, "आता कसंय?" शेवटी एकालाच ठरवलं, त्याने रात्री आठला ग्रुपवर चार ओळी लिहायच्या, बाकी कुणी त्या घरच्या फोनवर फोन करायचा नाही. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

आता फोटोचं. हे सांगायला मी आलेय, आणि इतका वेळ बाकीचं बोलत राहिले.

सोमवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी, दुपारपर्यंत चाळीस हजार जमले होते आणि मग थांबले. मला मित्राच्या पुतण्याने एक फोटो पाठवला होता, पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवायला. पोर पट्ट्यांमध्ये, चेहरा स्पष्ट, डोळे मिटलेले, छातीचा उघडा भाग दिसतोय. मी तो ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आपलंच लेकरू आहे.' कुणालाही विचारलं नाही. रात्रीपर्यंत दोन लाख झाले. फोटोने पैसे आले हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. त्या रात्री मला फार बरं वाटलं होतं.

तो फोटो आपल्या ग्रुपवरून भावकीच्या ग्रुपवर गेला, तिथून दूध संस्थेच्या, तिथून पालकांच्या. मुलगा आपल्याच शाळेत शिकतो. जूनमध्ये तो सातवीच्या वर्गात गेला तेव्हा सगळ्या पोरांनी तो फोटो आधीच बघितलेला होता. पोरं त्याला 'काहील' म्हणायला लागली. दोन दिवस गेला, तिसऱ्या दिवशी दप्तर ठेवून गोठ्यात जाऊन बसला. आणि त्याच आठवड्यात आपला मित्र ग्रुपमधून बाहेर पडला. आपण म्हटलं, असेल, कामात असेल. एक जण तर म्हणाला, गरज सरली. मी तेव्हा गप्प बसले. ते वाक्य खोडायला हवं होतं.

मला कळलं ते ऑगस्टमध्ये. जाकिटाच्या मापासाठी पुण्याला जायचं होतं, मित्र आजारी होता, म्हणून वहिनींबरोबर मी गेले. एसटीत पोर माझ्या शेजारी खिडकीला. कराड गेल्यावर म्हणाला, "आत्या, तो फोटो तुम्ही टाकलाता न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मला इचारायचं तरी."

मी म्हटलं, बाळा, तू शुद्धीत नव्हतास.

"मग आईला इचारायचं."

वहिनी पुढच्या सीटवर होत्या, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. सातारा येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. परत आल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन मित्राची, वहिनींची आणि पोराची माफी मागितली. मित्र म्हणाला, "तुझ्यामुळं पोरगं वाचलं, तुला काय बोलू?" मला ते जास्त लागलं. पैसे घेतलेल्या माणसाला रागवायचीही सोय राहत नाही. तो फोटो पुसून टाका म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, एकेकाला फोन केले. पण फोनमधला फोटो म्हणजे सांडलेला गूळच, कुठे कुठे चिकटलाय ते सापडत नाही. आजही कुणाकडे असेल तर आत्ता, इथे बसल्या बसल्या, काढून टाका.

पुढचं काम केलं ते आपल्या मराठीच्या बाईंनी. बाई समोर बसल्यात, नको नको म्हणतायत. निवृत्त झाल्यात, गुडघे दुखतात, तरी जूनच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून तीनदा त्याच्या घरी गेल्या. शिकवायला म्हणून गेल्या, पण व्यायामाची वेळ साधून. पोर हात वर न्यायचं आणि बाई पाढे म्हणून घ्यायच्या, ओरडायला वेळच नाही. मराठीच्या बाईंना एकोणतिसचा पाढा येतो हे मला तेव्हा कळलं. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी बाई त्याला स्वतःच्या स्कूटरवर घेऊन गेल्या आणि मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात मागच्या बाकावर बसून राहिल्या. पोरं काय बोलणार?

आणखी एक गोष्ट बाईंमुळेच कळली. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. आपल्या हेडसरांनी तो पाठवला. मिळालेली रक्कम थेट आईवडिलांच्या खात्यावर जमा झाली, म्हणून ती माझ्या वहीत नाही. इथे जे सध्या शिक्षक आहेत, आपल्यातलेच सहा-सात जण आहेत, त्यांनी आपल्या शाळेत या योजनेची चौकशी करावी. कितीतरी पालकांना ती माहीत नसते.

या वर्षी जानेवारीपासून खात्यावर दर महिन्याला आणखी पाचशे रुपये येतात. पाठवणारा आपला हाच मित्र. त्याने एका वहीत एकसष्ट नावं आणि आकडे लिहून ठेवलेत. काही जण चिडले, परत पाठव म्हणाले. मी परत पाठवले नाहीत. जमेला धरले. आजवर सहा हजार झाले. तो पुन्हा ग्रुपमध्ये आलाय, आणि आज या सभागृहात आलाय, त्याच्या मागे ही वही आहे असं मला वाटतं. चूक असेन तर जेवताना सांग रे.

आता शिल्लक. रुग्णालयांचं सगळं देऊन १,१५,००० उरले. सात जणांचे तीस महिन्यांचे १,०५,०००. मित्राचे ६,०००. त्यातून खर्च १,९०,०००. आज खात्यात ३६,००० रुपये आहेत. पासबुक आणि वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे, प्रत्येकाने बघावी. बिलं मागच्या फाइलमध्ये आहेत.

मुलगा आता नववीत आहे. काखेतली कातडी आखडल्यामुळे उजवा हात खांद्याच्या वर पूर्ण जात नाही. ती सोडवायची शस्त्रक्रिया मे महिन्यात पुण्यात ठरली आहे, शाळा बुडू नये म्हणून सुट्टीत. साधारण दहा दिवस राहावं लागेल. या वेळी भरती होण्याआधी आरोग्यमित्राला भेटून आलोय, दाखला नवा काढलाय. गोठ्याचं विचारलं, तर ज्याने मागे धारा काढल्या तो म्हणाला, मी आहेच, हे काय विचारणं झालं?

पुण्याच्या मैत्रिणींनी डब्यासाठी आपली नावं आणि वार त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहावेत. एका दिवशी एकच डबा. आणि तिखट कमी, पोराला सोसत नाही.